शाळेच्या पातेल्यातील डाळ

शाळकरी मुलाच्या दुपारच्या जेवणाची काळजी बहुतेक घरांत डब्यापाशी सुरू होते आणि डब्यापाशीच संपते. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिका-महानगरपालिकांच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या ज्या मुलांचे जेवण शाळेतच शिजते, त्यांच्या आहाराचा कस मात्र कोणत्याही एका आईच्या हातात नसतो. पातेल्यात डाळ किती पडली, भाजी कोणती आली, तांदूळ निवडून धुतला गेला की नाही आणि शिजलेले अन्न मुलांच्या ताटात वेळेवर पडले की नाही, यांवर तो ठरतो. त्यामुळे अशा शाळेतील पालकाला स्वतःच्या मुलाचे ताट सुधारायचे असेल, तर त्याला सगळ्या शाळेचे पातेले सुधारावे लागते. हे काम करण्याचा अधिकार त्याला कायद्याने दिलेला आहे, ही गोष्ट अजूनही फार थोड्या पालकांपर्यंत पोचलेली आहे.

शाळेत शिजलेले अन्न हा आज मुलांचा हक्क आहे, पण तो तसा व्हायला बराच काळ जावा लागला. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शिक्षणासाठीची राष्ट्रीय पोषण आहार योजना सुरू केली, तेव्हा बऱ्याच राज्यांत शिजवलेले अन्न दिले जात नव्हते. ठरावीक हजेरी भरली की मुलाच्या नावावर महिन्याला तीन किलो कोरडे धान्य घरी नेता येत असे. ते धान्य घरातल्या सगळ्यांच्या पोटात जात असे, आणि गरीब घरात तसे होणे स्वाभाविकच होते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी जो आदेश दिला, त्यात सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न वर्षातून किमान २०० दिवस द्यावे असे सांगितले गेले. उष्मांक म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजण्याचे एकक, ज्याला बोलताना आपण कॅलरी म्हणतो. तर प्रथिने हा अन्नातील असा घटक आहे ज्यातून शरीर स्नायू, रक्त आणि रोगाशी लढणारी द्रव्ये घडवते. पुढे ही मापे वाढवण्यात आली, सहावी ते आठवीचे वर्ग योजनेत आले, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक कामकाजाच्या दिवशी मोफत जेवण मिळण्याचा हक्क कायद्यातच लिहून ठेवला. या कायद्याखालच्या २०१५ च्या नियमांनी त्याला आणखी बळ दिले. एखाद्या दिवशी अन्न शिजले नाही, तर त्या दिवसाचे धान्य आणि शिजवण्याचा खर्च अन्न सुरक्षा भत्ता म्हणून मुलाला द्यावा लागतो. २०२१ पासून ही योजना प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते आणि तिचा पसारा केंद्राच्या तेव्हाच्या निवेदनानुसार सुमारे ११.२० लाख शाळांतील ११.८० कोटी मुलांपर्यंत पोचलेला आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यात मात्र तिला कोणी या नावाने ओळखत नाही. तिथे ती ‘पोषण आहार’ किंवा नुसती ‘शाळेतली खिचडी’ असते.

या योजनेची मापे प्रत्येक पालकाला तोंडपाठ असावीत इतकी सोपी आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. यातून लहान मुलांना ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर मोठ्यांना ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. साठ मुलांच्या प्राथमिक शाळेत म्हणजे रोज सहा किलो तांदूळ, एक किलो दोनशे ग्रॅम डाळ, तीन किलो भाजी आणि तीनशे ग्रॅम तेल लागते. वजनकाटा नसला तरी पाच माप तांदळाला एक माप डाळ हे प्रमाण डोळ्यांनीही तपासता येते.

डाळीच्या मापाला या सगळ्यात सर्वांत जास्त महत्त्व का द्यायचे, हे थोडा हिशेब मांडला की स्पष्ट होते. शंभर ग्रॅम तांदळातून सुमारे ३५५ उष्मांक आणि आठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात; वीस ग्रॅम तूरडाळीतून ६६ उष्मांक आणि साधारण सव्वाचार ग्रॅम प्रथिने मिळतात; तेलाचे ४५ आणि भाजीचे पंधराएक उष्मांक धरले, तर ताटात सुमारे ४८० उष्मांक आणि १३ ग्रॅम प्रथिने येतात, म्हणजे माप पुरे होते. आता त्यातली निम्मी डाळ काढून घेतली, तर उष्मांक ४५० च्या आसपास राहतात आणि कागदावर जेवण जवळजवळ नियमात बसते, पण प्रथिने ११ ग्रॅमवर येतात. मुलाचे पोट भरते, ते भुकेची तक्रार करत नाही, शिक्षकांनाही काही वावगे दिसत नाही, आणि दिवसामागून दिवस ही तूट साचत जाते. नुकसान केवळ दोन ग्रॅमचे नसते. प्रथिने अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची बनलेली असतात, आणि त्यांपैकी लायसिन हे आम्ल तांदळात कमी तर डाळीत भरपूर असते. उलट डाळीत जे आम्ल अपुरे असते ते तांदूळ पुरवतो. वरण-भात आणि खिचडी ही जोडी महाराष्ट्राच्या घराघरात पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे, तिला आहारशास्त्राचा असा भक्कम आधार आहे. डाळ पातळ झाली की ही जोडी मोडते आणि तांदळातली प्रथिनेही शरीराला पुरती वापरता येत नाहीत. येथे हेही सांगितले पाहिजे की सरकारी माप मुळातच कंजूष आहे. चांगल्या घरच्या खिचडीत दोन किंवा तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ पडते, पाचाला एक पडत नाही. म्हणूनच जे माप ठरले आहे त्यात एक चिमूटही कमी होणार नाही, याची राखण करणे हे पालकाचे पहिले काम ठरते.

उष्मांक आणि प्रथिने यांच्या पलीकडे सूक्ष्म पोषकद्रव्ये येतात. अगदी अल्प प्रमाणात लागणारे पण ज्यांच्यावाचून शरीराचे चालत नाही असे लोह, जस्त, आयोडीन आणि जीवनसत्त्वे हे घटक म्हणजे सूक्ष्म पोषकद्रव्ये. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या मुलांच्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील पाच ते नऊ वर्षांच्या २४ टक्के मुलांत आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या २८ टक्के मुलामुलींत रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता, आढळली. रक्तक्षय झालेले मूल लवकर थकते, त्याचे वर्गात लक्ष लागत नाही, आणि घरात व शाळेत त्याला आळशी ठरवले जाते. डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्या यांत लोह असते, पण वनस्पतींतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. धान्य-कडधान्यांतील फायटेट नावाचे द्रव्य त्याला अडवून धरते, आणि जेवणाच्या आगेमागे घेतलेला चहादेखील तेच करतो. उलट लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो यांतील क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. त्यामुळे वाढताना खिचडीवर पिळलेली लिंबाची फोड हा केवळ चवीचा भाग राहत नाही. मटकी किंवा मूग आठ-दहा तास भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले तर फायटेटचे प्रमाण घटते, आणि तीच मटकी तेवढ्याच पैशांत अधिक उपयोगी पडते. मोड आलेली कडधान्ये शाळेत नीट शिजवूनच द्यावीत, कारण ओलसर उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात. पालेभाजीच्या बाबतीत स्वयंपाकाची एक साधी खुबी पुष्कळ काम करते. मोठ्या चिरलेल्या भाजीची पाने मुले बोटांनी वेचून ताटाच्या कडेला लावतात, तर माठ, पालक, चवळी किंवा शेवग्याची पाने अगदी बारीक चिरून डाळ शिजत आल्यावर घोटली, की ती वेचायला उरत नाहीत.

सरकारी तांदळात गेल्या काही वर्षांत सारवर्धित तांदूळ मिसळला जाऊ लागला. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून त्याचे तांदळासारखेच दाणे बनवतात आणि साधारण शंभर दाण्यांना एक या प्रमाणात ते साध्या तांदळात घालतात. हे दाणे रंगाने आणि स्पर्शाने किंचित वेगळे दिसतात, म्हणून गावोगावी ‘प्लास्टिकचा तांदूळ आला’ अशी आवई उठते आणि निवडताना नेमके तेच दाणे काढून फेकले जातात. एका पालकसभेत मूठभर तांदूळ ताटात पसरून हे समजावून सांगितले, तर ही नासाडी थांबते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र लोहाविषयीचा सल्ला डॉक्टरांकडूनच घ्यावा, आणि गडचिरोली-नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत ही काळजी अधिक महत्त्वाची आहे.

पालकांच्या हातात नेमके काय आहे, याचे उत्तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमात आहे. या कलमाने विनाअनुदानित शाळा सोडून प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली, तिच्यातील तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असे सांगितले, आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना संख्येच्या प्रमाणात जागा देण्याची अट घातली. महाराष्ट्रात या समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात. पोषण आहारावर देखरेख ठेवणे हे याच समितीचे काम आहे, हे २०१५ च्या नियमांनीही स्पष्ट केले. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी समितीची बैठक इतिवृत्ताच्या वहीवर सह्या घेण्यापुरती होते. शेतमजुरी बुडवून दुपारी शाळेत येणे आईला परवडत नाही, वहीत काय लिहिले आहे हे विचारण्याचा संकोच वाटतो, आणि आपल्या मुलावर राग निघेल ही भीतीही असते. ही भीती खरी आहे आणि तिला नावे ठेवून काही साधणार नाही. तिच्यावर उपाय एवढाच की पालकाने एकट्याने तक्रार घेऊन जाऊ नये, चार-पाच पालकांनी पाळी लावून यावे आणि तक्रारीआधी कामाला हात लावावा.

असे पाळीने आलेले पालक काय पाहू शकतात? तांदळाच्या गोण्या येतात तेव्हा त्या काट्यावर मोजून घेतल्या जातात का, की चलनावरचा आकडाच साठा नोंदवहीत उतरवला जातो. गोण्या भिंतीला टेकून ओलीत पडल्या आहेत की फळ्यांवर रचल्या आहेत. जुना तांदूळ आधी संपतो की नव्या गोण्यांखाली दबून त्याला सोंडे लागतात. हजेरीपटावर जेवढी मुले त्या दिवशी हजर आहेत तेवढ्यांचेच अन्न नोंदले आहे का. आणि फळ्यावर लिहिलेला आजचा पदार्थ खरोखर शिजला आहे का. दोन किलो डाळ एकदा समोर मोजून पातेल्यात पडताना पाहिली, म्हणजे पुढे नुसत्या आमटीच्या दाटपणावरूनही कमी-जास्त ओळखता येते. ताटात काय उरते याची नोंद तर कोणत्याही सरकारी वहीत नसते, आणि तीच सर्वांत बोलकी असते. कोणत्या वारी अन्न परत येते, कोणता पदार्थ लहान मुले टाकतात आणि कोणता पुन्हा मागून घेतात, हे महिनाभर साध्या वहीत टिपले, तर पाककृती बदलण्याची मागणी आकड्यांनिशी मांडता येते.

चव घेण्याचा नियम हा यातला सर्वांत गंभीर भाग आहे. बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या धर्मासती गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत १६ जुलै २०१३ रोजी दुपारचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. तपासणीत अन्नात आणि तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतात फवारले जाणारे कीटकनाशक आढळले. तेलाचा वास आणि रंग वेगळा असल्याची शंका स्वयंपाक करणाऱ्या बाईंना आली होती, असे नंतरच्या वृत्तांतून पुढे आले, पण ती शंका कोणी मनावर घेतली नाही. या घटनेनंतर केंद्राने पुन्हा बजावले की मुलांना वाढण्याआधी किमान एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढांनी अन्न चाखले पाहिजे आणि त्याची नोंद झाली पाहिजे. महाराष्ट्रातील शाळांत यासाठी चव नोंदवही असते. ज्या दिवशी ती वही अन्न शिजण्यापूर्वीच भरून ठेवलेली दिसते, त्या दिवशी पालकाने गप्प बसू नये, कारण त्या सहीमागे मुलांच्या जिवाची हमी आहे.

पालकांच्या प्रयत्नांना खरी अडचण पैशाची आहे, आणि ती अंड्याच्या प्रश्नात उघड दिसते. १ मे २०२५ पासून केंद्राने प्राथमिकच्या मुलामागे ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १०.१७ रुपये असा रोजचा साहित्यखर्च ठरवला. तांदूळ यात धरलेला नाही, तो वेगळा मोफत मिळतो. साठ मुलांच्या शाळेला याचे दिवसाला ४०६ रुपये ८० पैसे होतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात डाळ, तेल, मसाले असा धान्यादी माल पुरवठादाराकडून येतो आणि शाळेच्या हाती मुख्यतः इंधन व भाजीपाल्याचे पैसे पडतात, पण हिशेब समजण्यासाठी सगळी खरेदी बाजारातून केली असे धरू. डाळ १२० रुपये किलो धरली तर १४४ रुपये, भाजी सरासरी ४० रुपये किलोने १२० रुपये, तेल १५० रुपये किलोने ४५ रुपये, असे ३०९ रुपये जातात आणि मीठ, मसाला व गॅससाठी शंभराच्या आत रक्कम उरते. आता एका अंड्याची किंमत सहा रुपये धरली, तरी साठ अंड्यांना ३६० रुपये लागतात. म्हणजे एका मुलाच्या पूर्ण जेवणाचा साहित्यखर्च आणि एका अंड्याची किंमत जवळजवळ सारखी आहे, आणि अंड्यासाठी स्वतंत्र तरतूद नसेल तर ते ताटात येऊच शकत नाही.

अंडे मागण्यामागे पक्के कारण आहे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिने असतात, म्हणजे वीस ग्रॅम डाळीपेक्षा जास्त. त्यात ब-१२ जीवनसत्त्व असते जे साध्या डाळ-तांदूळ-भाजीत मिळत नाही. त्यात पाणी घालून ते वाढवता येत नाही आणि एका मुलाचे अंडे चौघांत वाटले तर ते लगेच दिसते. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक दिवस अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळी किंवा दुसरे फळ देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आदिवासी आणि दुष्काळी तालुक्यांतल्या पालकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवण्यात आला आणि अंडी देण्याची इच्छा असलेल्या शाळांनी लोकसहभागातून खर्च उभा करावा, असे सुचवले गेले. या निर्णयाचा भार कोणावर पडतो हे पाहिले पाहिजे. ज्या गावात पालकांकडे वर्गणी द्यायला पैसे आहेत, तिथल्या मुलांना अंड्याची गरज तुलनेने कमी असते. आणि ज्या पाड्यावर गरज सर्वांत जास्त, तिथे वर्गणी जमत नाही. तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक कामकाजाच्या दिवशी मुलाला अंडे मिळते आणि तो खर्च सरकार उचलते, तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणता येत नाही. अंडे न खाणाऱ्या कुटुंबांच्या भावनेचा मान केळी, शेंगदाण्याची चिक्की किंवा दूध देऊन राखता येतो. मात्र एका घराला नको म्हणून दुसऱ्या घरच्या मुलाचे अंडे बंद करण्याची मागणी पालकांनी करू नये, कारण तिथे पालकत्व आपल्या दारापाशी थांबते. ग्रामसभेने व शाळा समितीने स्वतंत्र निधीचा ठराव करून तो पंचायत समितीकडे आणि लोकप्रतिनिधींकडे पाठवणे हा मार्ग लांबचा असला, तरी तोच योग्य आहे.

लोकसहभागाला अर्थातच जागा आहे, फक्त तो सरकारी जबाबदारीच्या जागी बसता कामा नये. वाढदिवस, पुण्यतिथी, सण अशा निमित्ताने मुलांना जेवणात जादा पदार्थ देण्याची पद्धत गुजरातेत तिथीभोजन म्हणून रुजली आणि महाराष्ट्रात ती स्नेहभोजन या नावाने चालते. या दिवशी केक आणि बुंदी वाटण्याऐवजी उकडलेली अंडी, राजगिऱ्याचे लाडू, केळी, भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ असे काही ठरवून घेतले, तर त्याच खर्चात मुलांच्या पोटात अधिक काही पडते. शाळेच्या आवारातली परसबाग ही याहून टिकाऊ मदत आहे. शेवग्याची दोन झाडे, कढीपत्ता, लिंबाचे एक झाड आणि हात धुण्याच्या सांडपाण्यावर माठ-पालकाचे चार वाफे एवढ्यावरही आठवड्यातले दोन-तीन दिवस पालेभाजी मिळते. परसबाग मोडते ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, जेव्हा शाळेत कोणी नसते आणि गुरे आत शिरतात. म्हणून पालकांची मदत लावणीपेक्षा मे महिन्यातल्या पाण्यासाठी आणि कुंपणासाठी अधिक मोलाची ठरते.

पातेले सगळ्यांचे असले, तरी पंगत सगळ्यांची एक असेलच असे गृहीत धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे असे सांगितले, कारण देशात अनेक ठिकाणी त्यांच्या हातचे अन्न नाकारले जात होते. पोषणाच्या चर्चेत हा विषय बाजूला पडतो, पण पंगतीत वेगळे बसवलेले, शेवटी वाढले गेलेले किंवा बाईंच्या जातीमुळे घरच्यांनी जेवू नको म्हणून बजावलेले मूल कमीच खाते. आपल्या मुलाला सगळ्यांच्या शेजारी बसवून जेवू देणारा पालक पोषणासाठी जे करतो, ते कोणत्याही जीवनसत्त्वाच्या गोळीने होत नाही.

खासगी विनाअनुदानित शाळांचे चित्र वेगळे आहे. तिथे ना शिजवलेले अन्न असते ना शाळा व्यवस्थापन समिती, पण २०११ च्या महाराष्ट्र शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन कायद्याने प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला आहे आणि उपाहारगृहाचा प्रश्न तिथे मांडता येतो. एका पालकाच्या दुःखातून देशभरचा नियम कसा घडतो, याचे उदाहरण याच क्षेत्रात आहे. जन्मतः गंभीर आजार असलेल्या मुलाच्या आईवडिलांनी दिल्लीत उभ्या केलेल्या उदय फाउंडेशनने २०१० मध्ये शाळांच्या परिसरातील जंक फूडविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. मार्च २०१५ मध्ये न्यायालयाने अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाला मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे निर्देश दिले, आणि २०२० मध्ये प्राधिकरणाने नियम काढून शाळेच्या आवारात तसेच प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त मेद, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ काढण्याचा निर्णय त्याआधीच, मे २०१७ मध्ये घेतला होता. दहा वर्षांचा हा पाठपुरावा नियमापाशी पोचला. शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर टांगलेल्या वेफर्सच्या पुड्या मात्र अजून त्या ५० मीटरच्या आतच आहेत, आणि ते अंतर मोजायला पालकांनाच जावे लागेल.

या सगळ्या प्रयत्नांत एक व्यक्ती कायम नजरेआड राहते, ती म्हणजे स्वयंपाकी तथा मदतनीस. पंचवीसपर्यंत मुलांना एक आणि शंभरपर्यंत दोन असे त्यांचे प्रमाण ठरलेले आहे, म्हणजे साठ मुलांचे अन्न निवडणे, धुणे, चिरणे, शिजवणे, वाढणे आणि मोठी पातेली घासणे हे दोन बायांचे काम. केंद्राने २००९ मध्ये त्यांचे मानधन महिन्याला १००० रुपये ठरवले, तेही वर्षातल्या दहा महिन्यांचे, आणि केंद्राचा तो आकडा पुढे वर्षानुवर्षे तसाच राहिला. महाराष्ट्राने आपली भर घालून ते २५०० रुपयांपर्यंत नेले, तरी कामाच्या दिवसाला ते शंभर रुपयांच्या आसपासच पडते, आणि ते दरमहा वेळेवर मिळते असेही नाही. भाजी बारीक चिरायला, कडधान्य आदल्या दिवशी भिजवून ठेवायला आणि डाळ घोटायला लागणारा जादा वेळ याच बायांकडून मागायचा असतो, तेव्हा त्यांच्या मानधनाचा प्रश्न हा पोषणाचाच प्रश्न आहे. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखड्यात धुराचा त्रास नसलेली शेगडी, पाण्याचा नळ, झाकणाची पातेली आणि या बायांची वार्षिक आरोग्यतपासणी यांची मागणी नोंदवावी, मानधन किती महिन्यांचे थकले आहे ही विचारणा प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात घ्यावी, आणि त्याच बैठकीला स्वयंपाकी बाईंना बोलावून गेल्या महिन्यात आलेली डाळ कशी होती हे त्यांनाच आधी विचारावे.